जमीन ज्याची, त्याला आधी विचारा



आपल्या आसवनीत मळी आंबते तेव्हा नुसते अल्कोहोल तयार होत नाही. लिटरमागे सुमारे पाऊण किलो कर्बवायूही त्याच टाकीतून वर येतो. हा वायू उसाने हवेतूनच ओढलेला असतो. तो पुन्हा हवेत न सोडता खोल खडकात गाडला, तर हवेतला तेवढा कर्ब कमी होतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील डिकेटर येथे मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचा सुमारे दहा लाख टन वायू २०११ ते २०१४ या काळात दोन किलोमीटर खोल सोडण्यात आला.

मग तिकडचा शेतकरी या कामावर खूश असेल, असे वाटते ना? पण घडले निराळेच. २०२१ मध्ये एका कंपनीने पाच राज्यांतील इथेनॉल कारखान्यांचा वायू नळाने नेऊन नॉर्थ डकोटात गाडण्याची योजना आणली. मक्याला गिऱ्हाईक टिकेल, असे सांगितले. तरी साउथ डकोटातले अनेक शेतकरी अडून बसले. जो राजीखुशीने वाट देणार नाही, त्याची जमीन सक्तीने घेण्याची भाषा सुरू झाली होती. शिवाय २०२० साली मिसिसिपीत सटार्शिया गावाजवळ कर्बवायूचा नळ फुटून ४५ जणांना दवाखान्यात न्यावे लागले होते. शेवटी मार्च २०२५ मध्ये साउथ डकोटाने अशा नळांसाठी सक्तीचे भूसंपादन कायद्यानेच बंद केले.

या लोकांना अडाणी म्हणायचे काय? इथेनॉलवर त्यांचेही पोट आहे. माझ्या मते त्यांना खटकले ते न विचारणे.

कालव्याला आणि रस्त्याला जमिनी देऊन मोबदल्यासाठी हेलपाटे घातलेली माणसे आपल्यातही आहेत. पावसाचा नेम राहिला नाही, तेव्हा हवेतला कर्ब कमी करायलाच हवा; त्याला माझा विरोध नाही. पण उद्या अशी योजना आपल्या दारात आली, तर तीन गोष्टी आधी लेखी आणि सोप्या मराठीत मिळाव्यात. नळ फुटला तर जबाबदार कोण? कर्बाचे पैसे आले तर उसाच्या भावात किती पडणार? आणि नाही म्हणणाऱ्या सभासदाचे काय?

उत्तरे वाचून मग सभेला या. नाहीतर मागून कोणीतरी ‘मंजूर, मंजूर’ ओरडते, ठराव होतो आणि पुढे निस्तरायचे आपल्याला.

— एक ऊस उत्पादक सभासद