जुनं मशीन भंगारात देताय? जरा थांबा!

तुमच्या घरात एक काळं शिलाई मशीन आहे का? बहुतेक असेलच. आईच्या लग्नातलं, नाहीतर आजीच्या वेळचं. त्यावर जुनी चादर, चादरीवर घडी न केलेले कपडे, त्यावर तुमची सॅक आणि मोबाइलचा चार्जर. खाली मशीन आहे, हेच घरातले विसरलेले असतात.

आमच्या वरवट बकालच्या घरातही तेच होतं. मागच्या दिवाळीत घर आवरताना मीच म्हटलं, ‘आई, हे धूड देऊन टाकू भंगारात. चाकही फिरत नाही. तुला नवीन ऑटोमॅटिक घेऊ.’ रील्स पाहून पाहून माझ्या डोक्यात ते पांढरं, हलकं मशीन बसलं होतं. बटण दाबलं की टाका बदलतो, हप्त्यावर मिळतं. मला वाटलं, आई खूश होईल. ती म्हणाली, ‘तुह्या बारावीची फी कशावर शिवून भरली, याद हाय का?’

मी गप्प. शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज शिवून आईनं जमवलेले पैसे होते ते.

शेवटी मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी मशीन उलटं केलं, वास घेतला आणि हसले. ‘खोबरेल टाकलं होतं ना?’ टाकलं होतं. मशीनचं तेल संपलं म्हणून मीच टाकलं होतं. खोबरेल तेल काही दिवसांनी आत चिकट होऊन बसतं आणि सगळे सांधे धरून ठेवतं. काकांनी रॉकेलनं आतला चिकटा काढला, मशीनचं तेल घातलं, पट्टा बदलला. तासाभराचं काम, साडेतीनशे रुपये. मशीन खडखडत सुरू झालं. म्हणजे ते म्हातारं झालंच नव्हतं. मी त्याला चुकीचं तेल पाजलं होतं.

तेव्हापासून माझं मत बदललंय. आपण ‘जुनं की नवीन?’ असं विचारतो, तिथेच चुकतो. खरा प्रश्न असा आहे की तुम्ही शिवणार काय, आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?

आधी जुन्याची बाजू. या काळ्या मशीनचं डोकं बिडाचं असतं, आतले भाग लोखंडाचे. ते एकच काम करतं, सरळ टीप. पण ती टीप वर्षानुवर्षं तशीच पक्की बसते. आयझॅक सिंगरनं अमेरिकेत पेटंट घेतलं १८५१ मध्ये. आपल्याकडे १९३०च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ मशीन बनायला लागलं, पुढे लुधियाना या धंद्याचं मोठं केंद्र झालं. इतक्या वर्षांत घरगुती काळ्या मशीनची मूळ रचना फारशी बदलली नाही. म्हणून बॉबीन, केस, पट्टा असे भाग आजही तालुक्याच्या बाजारात मिळतात आणि मिस्त्री डोळे झाकून ते बसवतो. शिवाय पायानं चालतं. आमच्याकडे ऐन लग्नसराईत लाइन जाते, तेव्हा हे मशीन थांबत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग नवीन घेऊच नये का? तसं अजिबात नाही. टी-शर्टसारखं ताणणारं कापड सरळ टीपेनं शिवून बघा. ओढलं की दोरा तुटतो. तिथे झिगझॅग टाकाच लागतो. काज करायचे, कापडाच्या कडा बंद करायच्या, तर नवीन मशीन वेळ वाचवतं. माझी एक मैत्रीण लहान मुलींचे फ्रॉक शिवून विकते. तिनं नवीन घेतलं आणि तिचा निर्णय बरोबरच आहे. तिच्याकडे तसं काम आहे.

पण माझ्या मावशीचं उलट झालं. तिनं हौसेनं विजेचं मशीन घेतलं. जीन्सची चार पदरी शिलाई मारताना ते अडकलं. आतलं प्लास्टिकचं चाक गेलं म्हणे. गावातल्या मिस्त्रीनं हात लावला नाही. अकोल्याला न्यायचं, ठेवायचं, परत आणायला जायचं. मशीन महिनाभर तिकडे आणि हप्ता मात्र इकडे चालू.

म्हणून घेण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. पुढच्या सहा महिन्यांत मी नेमकं काय शिवणार? बिघडलं तर एसटीनं एका दिवसात जाऊन येता येईल, इतक्या जवळ दुरुस्ती होते का? आणि हप्ता शिलाईच्या कमाईतून फिटेल की बाबांच्या खिशातून? ब्लाउज, परकर, उशांचे अभ्रे, फाटलेल्या पँटी एवढंच असेल तर जुनं मशीन पुरतं. पाय दुखत असतील तर त्यालाच मागून छोटी मोटर बसते.

हात बसला आणि काम वाढलं, तर नवीन घ्या, खुशाल घ्या. शिवण हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामही आहे. त्यात प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. घरात कुणी शिवणकाम करत असेल तर चौकशी करा.

यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद मानलं होतं. माणसाचे कष्ट कमी करणारं यंत्र त्यांना चालत होतं. मला वाटतं, मशीन निवडायची कसोटी तीच. ते तुमचे कष्ट कमी करतंय की हप्त्यासाठी तुम्हालाच राबवतंय?

आणि पोरांनो, हे फक्त मुलींसाठी लिहिलेलं नाही. बाजारात पँट शिवणारे टेलर पुरुषच असतात ना? मग घरी उसवलेली पँट घेऊन आईच्या मागे का फिरता?

या रविवारी ती चादर उचला. चाक हातानं हळूच फिरवून बघा. फिरलं नाही तर भंगारवाल्याच्या आधी मिस्त्रीला फोन करा. आणि काहीही झालं तरी, खोबरेल टाकू नका!