सोवळे आणि सिंथेसायझर

काही दिवसांपूर्वी अमरावतीतील एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ वक्त्यांनी डीजे, कीबोर्ड आणि संगणक यांना लोकगीतांचे मारेकरी ठरवले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. अकोल्याच्या परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत आम्ही सहकारी त्या टाळ्यांविषयीच बोलत होतो. लग्नाच्या वरातीतील गोंगाटाचा त्रास आम्हालाही होतो. परंतु त्या निकालाशी आम्ही सहमत नाही.

यंत्र परके म्हणून त्याज्य, हा युक्तिवाद जुना आहे. हार्मोनियम युरोपातून आली. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. आज वऱ्हाडातल्या कोणत्याही भजनी मंडळात पेटी नसेल तर आपल्याला चुकल्याचुकल्यासारखे वाटते. कालचे परके वाद्य आज परंपरा झाले, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो.

गोव्याचा मांडो पाहा. शब्द कोकणी, स्वरमेळ युरोपीय, साथीला व्हायोलिन आणि मातीचे घुमट. पोर्तुगीज राजवटीच्या सावलीत एकोणिसाव्या शतकात फुललेला हा प्रकार जन्मतःच संकरित आहे. पुढे १९८०च्या दशकात रेमो फर्नांडिस यांनी शिवोलीच्या घरात ध्वनिमुद्रण करून गोव्याचे गाणे पॉपच्या साजात आणले. यातले 'शुद्ध' नेमके कोणते?

खुद्द पोर्तुगालमध्ये हा प्रयोग आणखी पुढे गेला. मूळचे कॉर्सिकाचे असलेले मिशेल जियाकोमेत्ती यांनी तिथल्या खेड्यांत अनेक वर्षे हिंडून कष्टकऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. १९९०च्या दशकात जुआंव आग्वार्देला या तरुण गायकाने 'मेगाफोने' या उपक्रमात असे जुने ध्वनिमुद्रित आवाज उचलले आणि त्यांच्याभोवती इलेक्ट्रॉनिक ताल रचले. त्याच्या 'आ नायफा' या बँडने २००४च्या पहिल्या अल्बमपासून फादो या शहरी विरहगीतालाही तोच नवा साज चढवला. २००९ साली आग्वार्देला ऐन उमेदीत वारला. 'मेगाफोने'त यंत्र होते, पण खेड्यातला तो मूळ कंठ पुसला गेला नव्हता. उलट, शहरातल्या ज्या तरुणांनी तो कधी ऐकला नसता त्यांच्या कानांपर्यंत तो पोहोचला.

आपल्याकडील रिमिक्समध्ये नेमका तोच कंठ नाहीसा होतो. चाल उरते; गाणारी बाई, तिचे नाव, तिचे गाव हे सारे गळून पडते. हा आक्षेप रास्त आहे. परंतु तो आधी आपल्यावर, मराठीच्या प्राध्यापकांवर, घ्यायला हवा. भुलाबाईचे गाणे आपण एम.ए.च्या वर्गात छापील ओळी म्हणून शिकवतो. त्याला चाल नसते, टाळ्यांचा ठेका नसतो, खिरापत ओळखतानाचे हसणे नसते. गाणारणीचा आवाज डीजेच्या कितीतरी आधी आपण काढून टाकला. परीक्षेत 'लोकगीतांची वैशिष्ट्ये' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ते गाणे एकदाही ऐकलेले नसते.

हेमा राईरकर आणि गी पोएतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवले, कित्येक ओव्या त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रितही झाल्या. हे दोघे मराठीचे प्राध्यापक नव्हते, याची आपल्याला थोडी तरी लाज वाटावी.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडात अजूनही काही अंगणांत भुलाबाई बसते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. गाणारीची परवानगी घेऊन, तिच्या नावागावासह एकेक गाणे त्याने नोंदवून आणावे आणि त्याला प्रात्यक्षिकाचे गुण मिळावेत. त्यासाठी अभ्यासमंडळाची एक बैठक पुरे. मग त्या आवाजांभोवती उद्या एखाद्या पोराने सिंथेसायझर वाजवला, तर वाजवू द्या. निदान त्याच्याजवळ वाजवायला मूळ आवाज तरी असेल.