‘तडीपार’ मुलांचे गाणे

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंभारी हे गाव लागते. या गावाची आजची ओळख कष्टकऱ्यांच्या वसाहतींमुळे आहे. २००६ मध्ये येथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी याच परिसरातील रे नगरमधील पंधरा हजार घरांचे लोकार्पण केले. लहानपणी आपल्याला असे घर मिळाले असते तर, या विचाराने त्या दिवशी भाषण करताना त्यांचा कंठ दाटून आला होता, हे अनेक वाचकांना स्मरत असेल.

घराची भिंत सरकार उभारू शकते. त्या भिंतीआड वाढणारा मुलगा काय ऐकतो, कोणासारखा होऊ पाहतो, हा प्रश्न मात्र सरकारच्या कक्षेतला नाही. तो आपला आहे. हे मला जाणवले ते गेल्या पावसाळ्यात, त्याच कुंभारीत. संध्याकाळची वेळ होती. दारात मांडीवर सूप घेऊन एक माउली विड्या वळत बसली होती आणि आतल्या खोलीत तिचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा स्टीलच्या डब्यात मोबाइल ठेवून, त्यातून घुमणाऱ्या ठेक्यावर काहीतरी झपाझप म्हणत होता. हिंदी, तेलुगू, मराठी, सारे एकात एक मिसळलेले. मधूनच एखादी शिवी. मला पाहून तो गप्प झाला. आई मात्र थांबली नाही. “साहेब, तुम्ही पेपरात लिहिता म्हणं. मग सांगा की, पोरगं बिघडलं का माझं?”

त्या दिवशी मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. पत्रकाराला ही कला अवगत असते.

मुलाचे दैवत कोण, ते भिंतीवरच्या चित्रावरून कळत होते. गळ्यात जाड साखळ्या, विस्कटलेले लांब केस, डोळ्यांत एक बेपर्वा थकवा. एमसी स्टॅन. खरे नाव अल्ताफ शेख. ३० ऑगस्ट १९९९ चा जन्म, गाव पुणे, वस्ती ताडीवाला रस्ता. पुणे रेल्वे स्थानकाला खेटून असलेला हा भाग पुण्याच्या सांस्कृतिक नकाशावर कधी नव्हता. सवाई गंधर्व महोत्सवाला जाणारे रसिक स्थानकावर उतरत आणि दुसऱ्या दिशेला वळत. या वस्तीतला हा मुलगा वयाच्या बाराव्या वर्षी कव्वाली गाऊ लागला होता. पुढे थोरल्या भावामुळे त्याच्या कानांवर अमेरिकेतले रॅप आले. कव्वालीतून त्याने काय घेतले असेल, याचा विचार त्याच्या टीकाकारांनी फारसा केलेला दिसत नाही. शब्दावर ठेका कसा बसवायचा, श्वास कोठे तोडायचा, समूहाला कोणत्या जागी आपल्याबरोबर ओढायचे, हे ज्ञान त्याला न्यूयॉर्कहून मागवावे लागले नसावे.

२०१८-१९ च्या सुमारास ‘वाटा’, ‘खुजा मत’ अशी त्याची गाणी यूट्यूबवर पसरली. २०२० मध्ये त्याचा पहिला गीतसंग्रह आला, नाव ‘तडीपार’. या नावाशी जरा थांबले पाहिजे. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ या कायद्याने (आज त्याच्या नावात ‘महाराष्ट्र’ आहे) एखाद्याला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येते. सदाशिव पेठेतल्या मुलाने हा शब्द वर्तमानपत्रात वाचलेला असतो. वस्तीतल्या मुलाला तो गल्लीतल्या माणसांच्या नावांसकट ठाऊक असतो. विशीतल्या एका मुलाला आपल्या पहिल्या निर्मितीसाठी हाच शब्द सुचला. दोनच वर्षांनी, २०२२ मध्ये, आलेल्या पुढच्या संग्रहाचे नाव ‘इन्सान’. तडीपारापासून माणसापर्यंत. हा प्रवास त्याने जाणूनबुजून आखला की आपोआप झाला, ते तोच जाणे.

त्यानंतरची कथा घराघरांत पोहोचली. १ ऑक्टोबर २०२२ पासून ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वात तो दिसू लागला. मला त्या कार्यक्रमाबद्दल आदर नाही. माणसांना कोंडून त्यांची भांडणे विकणे हा धंदा मला कधी रुचला नाही. पण त्या घरात हा मुलगा बहुतेक वेळ कोपऱ्यात बसून होता, घरी जायचे म्हणत होता, आणि प्रेक्षकांनी नेमके तेच उचलले. १२ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री तो जिंकला. बक्षीस एकतीस लाख ऐंशी हजार रुपये आणि एक मोटार. दुसरा आला अमरावतीचा शिव ठाकरे, त्याचा त्या घरातला जिवलग मित्र. शेवटच्या दोघांत एक पुण्याच्या वस्तीतला, एक विदर्भातला. मराठी वृत्तपत्रांनी या गोष्टीची म्हणावी तशी दखल घेतली नाही. त्याच्या ऐंशी हजारांच्या बुटांची मात्र घेतली.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते खरे आहेत. त्याच्या गाण्यांत शिव्या आहेत, पुष्कळ आहेत. नशेचा उल्लेख असा येतो की तो अनुभव आहे की आमंत्रण, हे चौदा वर्षांच्या मुलाला कळू नये. स्त्रीविषयीची भाषा अनेक ठिकाणी अशी आहे की ती मी या पानावर उतरवू शकत नाही. ‘वस्तीत असेच बोलतात’ हा बचाव मला पटत नाही. कुंभारीत विड्या वळणाऱ्या बायका असे बोलत नाहीत, आणि वस्ती त्यांचीही आहे. वास्तव दाखवतो म्हणणाऱ्याने वास्तवातली निम्मी माणसे गाळून चालत नाही.

मार्च २०२३ मध्ये इंदूर येथे त्याचा कार्यक्रम चालू असताना करणी सेनेचे कार्यकर्ते मंचावर चढले आणि त्यांनी तो बंद पाडला. शिवराळ गाण्यांना विरोध हे त्यांचे कारण. या घटनेवर आपल्या परिवारातील अनेक मित्रांनी समाधान व्यक्त केल्याचे मी ऐकले. त्यांच्याशी माझा मतभेद आहे, तो येथेच नोंदवतो. कायद्याचा भंग झाला असेल तर पोलीस आहेत. रुची बिघडते असे वाटत असेल तर त्याला उतारा अधिक चांगल्या गाण्याचा. माईक काढून घेतल्याने त्या हजारो मुलांपैकी एकाच्याही ओठांवरची शिवी पुसली गेली नाही. उलट त्यांना कळले ते एवढेच, की आपल्या दैवताला ‘ही’ मंडळी घाबरतात.

हे गाणे परके आहे, असा दुसरा आक्षेप. त्याचा जन्म परदेशातला, हे निर्विवाद. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वी मेजवानी ठेवली आणि तिच्या भावाने, जमैकातून आलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेलने, दोन तबकड्या फिरवत गाण्यातला ठेक्याचा तुकडा लांबवला. त्या लांबलेल्या ठेक्यावर बोलणे म्हणजे रॅप. वाद्य शिकायला पैसे नव्हते, म्हणून जिभेचे वाद्य झाले. त्याच अमेरिकेने २०१८ मध्ये केन्ड्रिक लमार या रॅपगायकाला पुलित्झर पारितोषिक दिले. तोवर संगीतातला हा मान शास्त्रीय आणि जॅझ यांच्याबाहेर गेला नव्हता. आपल्याकडे १९९२ मध्ये बाबा सेहगलच्या ‘ठंडा ठंडा पानी’ने हा प्रकार गंमत म्हणून आला. २०१५ मध्ये अंधेरीचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी यांनी आपल्या गल्लीचे गाणे केले, तेव्हा गंमत संपली. २०१९ मध्ये त्यावरून प्रेरणा घेऊन ‘गली बॉय’ हा चित्रपट निघाला. त्याच वर्षी ‘स्वदेशी’ या मुंबईच्या चमूने आरेच्या जंगलातल्या वारली पाड्यांचे दुःख गाण्यात आणले. २०२४ मध्ये तर ‘तांबडी चामडी’ हे मराठी बोलांचे गाणे परदेशी संगीत कंपनीने प्रसिद्ध केले आणि मराठीचा गंध नसलेले लोक त्यावर नाचले. हार्मोनियमही परकीच होती. आज ती नसली तर आपले भजन अडते.

पण मला इतक्या दूर जायचे कारण नाही. सोलापूरकराने ब्राँक्सला जाण्यापूर्वी आपल्याच गावाच्या जुन्या गल्लीत डोकावावे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूरच्या एका वेदविद्यासंपन्न ब्राह्मण घरात राम जोशी जन्मले. थोरले बंधू मुद्गलभट नावाजलेले पुराणिक. धाकट्याचे पाय मात्र धोंडी शाहिराच्या तमाशाच्या फडाकडे वळले. त्या काळी याहून मोठा अधःपात दुसरा नव्हता. थोरल्या भावाने कानउघाडणी केली, घर सुटले, पंढरपूरला जाऊन त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले आणि परतल्यावर पुन्हा डफ-तुणतुणे जवळ केले. आता त्यांच्या लावणीत पांडित्यही आले होते. एकाच रचनेत अनेक भाषा गुंफण्याची त्यांची हौस तर प्रसिद्धच आहे. सोलापूरच्या कानांना त्यात नवल वाटले नसेल. येथे पाणी भरतानाही चार भाषा ऐकू येतात. कुंभारीचा तो मुलगा हिंदी, तेलुगू आणि मराठी एका दमात म्हणत होता, ते कोणत्या वारशाने, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. मलाही घरी येईपर्यंत सुचले नव्हते.

या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग बारामतीचा आहे. मोरोपंत म्हणजे मराठी पंडिती काव्याचे शिखर. आर्या वृत्तात महाभारत रचणारा, सोवळ्यातला कवी. राम जोशींची प्रतिभा पाहून पंतांनी त्यांना कीर्तनाकडे वळवले, असे सांगतात. वळवले म्हणजे फड उधळून लावला नाही. आपल्या आर्या त्यांच्या हाती दिल्या. राम जोशींच्या गळ्यातून त्या आर्या गावोगावी गेल्या. शिखरावरच्या कवीला रस्त्यावरचा शाहीर हवा होता, हे पंतांना उमगले होते. १९४७ मध्ये ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट आला आणि आपण सर्वांनी डोळे पुसत तो पाहिला. दीडशे वर्षे उलटली की तमाशातला माणूस पूज्य होतो.

अल्ताफ शेखला त्याचे मोरोपंत भेटले नाहीत. त्याला भेटले यूट्यूब, कंपन्या आणि ‘बिग बॉस’. त्यांना शिवी चालते, कारण शिवी खपते. हा दोष कोणाचा, असे विचारले तर बोट कंपन्यांकडे दाखवणे सोपे आहे. मी ते आधी स्वतःकडे वळवतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या काव्यवाचन स्पर्धेत मी परीक्षक होतो. एका मुलाने समोरच्या बाकावर बोटांनी ताल धरून कविता म्हणायला सुरुवात केली. पाण्याच्या टँकरमागे धावणाऱ्या त्याच्या बहिणीवर होती. मी त्याला मध्येच थांबवले आणि ‘हे वाचन नव्हे’ असे सांगून गुण दिले नाहीत. सभागृह हसले. मुलगा खाली मान घालून गेला, परत कधी दिसला नाही. पहिले पारितोषिक आम्ही कोणाला दिले, ते मला आज आठवत नाही. टँकर आणि त्याची बहीण मात्र आठवते.

आपल्याकडे गणेशोत्सव मंडळे आहेत, व्याख्यानमाला आहेत, वाचनालये आहेत, संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. भिंतीएवढे कर्णे भाड्याने आणायला मंडळांकडे पैसे असतात. त्या कर्ण्यांतून वस्तीतल्या मुलाने स्वतः लिहिलेले गाणे ऐकवायला दहा मिनिटे दिली गेल्याचे मी पाहिलेले नाही. दिली तर अट घालता येईल: शिवी नको, आई-बहिणींना समोर बसून ऐकता आले पाहिजे. मंच देणाऱ्याला अट घालण्याचा अधिकार असतो. जो मंच देत नाही, त्याने भाषाशुद्धीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

माउलीच्या प्रश्नाचे उत्तर घेऊन मी महिनाभराने पुन्हा कुंभारीला गेलो. पोरगं बिघडलेलं नाही, लिहू द्या, पण काय लिहितो ते अधूनमधून वाचून दाखवायला सांगा, असे तिला म्हणालो. “मला कुठं वाचता येतंय?” ती म्हणाली. मुलाने संकोचत वही काढली. पहिलेच गाणे आईच्या विड्यांवर होते. हजाराने मोजून दिलेल्या विड्यांतून कारखान्यात ज्या बाद ठरतात त्यांना ‘छाट’ म्हणतात, तेथे तो अडला होता. यमक हवे होते. मी लगेच ‘पहाट’ सुचवले. त्याने मान हलवली. “पहाट शाळेतल्या कवितेत असते, सर.” मग मी ‘लाट’ म्हणालो. सोलापुरात कुठली लाट, असे त्याचे म्हणणे पडले.

आई सुपातला जुडगा दोऱ्याने बांधत होती. मान वर न करता म्हणाली, “खाट लिही की. दिवसभर बसून कंबर मोडती, खाटंवर पडलं की झोप येत नाही.”

त्याने ते लिहून घेतले.