फिरस्ता आघाडीवीर

लोहाऱ्यात फुटबॉलची चर्चा निघाली, तर ती बहुधा मेस्सीवर येऊन थांबते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव क्वचितच कोणाला आठवतो. २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात हा आघाडीचा खेळाडू भारताकडून खेळला. पुढे इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा. करार संपला की बिऱ्हाड हलले! यात कमीपणा काहीच नाही. जगातील बहुसंख्य व्यावसायिक फुटबॉलपटू असेच पोट भरतात.

प्रश्न आहे तो या पोटाच्या शाश्वतीचा. पूर्वी रेल्वे, एअर इंडिया यांच्या संघांतील खेळाडू कचेरीत पगारी नोकरही असे. आता सारा भरवसा करारावर. २०२५ च्या जुलैत इंडियन सुपर लीगच अडली आणि ऑगस्टमध्ये बंगळुरूच्या क्लबने मुख्य संघाचे पगार स्थगित केले.

शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे खरे. परंतु ते पदकांच्या मोजपट्टीने चालते. धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, हे यथोचितच. मात्र दहा वर्षे क्लबांसाठी धावणाऱ्याच्या पदरी पदक पडेलच, असे नाही. त्याची ही वर्षे शासनाने सेवा म्हणून मोजावीत आणि क्रीडाशिक्षक व मार्गदर्शक नेमताना त्यांना गुण द्यावेत. पेन्शनची चिंता वाहणाऱ्या आपणा नोकरदारांना तरी ही मागणी अवाजवी वाटू नये.