पोटगीची थकबाकी आणि सरकारी परवाना

आरमोरीसारख्या तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या आवारात एखादा दिवस काढला, म्हणजे शासन नागरिकाकडून 'थकबाकी नाही' असा दाखला किती निमित्तांनी मागते याची कल्पना येते. कुणाला वैनगंगेच्या रेती घाटाच्या लिलावात उतरायचे असते, कुणाला बांधकाम खात्याकडे ठेकेदार म्हणून नाव नोंदवायचे असते, कुणाच्या स्वस्त धान्य दुकानाचे कागद अडलेले असतात. कुठे शेतसाऱ्याची बाकी आड येते, कुठे कराची, कुठे जुन्या दंडाची. ग्रामपंचायतीची गोष्ट तर सर्वांच्या परिचयाची आहे. पंचायतीच्या कराचे मागणी बिल हाती पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत जो ते चुकते करीत नाही, त्याला सदस्य म्हणून राहण्याचा अधिकार उरत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील १४ व्या कलमाने तशी तरतूदच केली आहे. त्याच कलमात पुढे दोनहून अधिक अपत्यांची आणि घरात शौचालय नसण्याचीही अपात्रता आली. म्हणजे उमेदवाराला मुले किती, हे शासन मोजते. त्या मुलांना तो जेवू घालतो की नाही, हे मात्र विचारीत नाही.

वस्तुतः हा प्रश्न विचारण्याचा अधिकार शासनाला नाही, असे कुणी म्हणू शकणार नाही. पोटगीचा कायदा या देशात जुना आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८८ वे कलम होते. १९७३ ची संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली, तेव्हा त्याचे १२५ वे कलम झाले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १४४ वे झाले. आकडे बदलले, आशय तोच राहिला: पुरेशी साधने असूनही जो आपल्या पत्नीला अथवा मुलांना पोसण्याची टाळाटाळ करतो, त्याला दंडाधिकाऱ्याने दरमहा रक्कम देण्याचा हुकूम करावा. या कलमातील एक शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मूल औरस असो वा अनौरस, त्याचा हक्क सारखाच. इंग्रजी अमदानीतील कायद्यानेही आईबापांच्या लग्नाचा दाखला मुलाच्या भाकरीच्या आड येऊ दिला नव्हता.

पोटगीची कमाल मर्यादा १९७३ च्या संहितेत दरमहा पाचशे रुपये होती. ती २००१ च्या दुरुस्तीने गेली. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा, असेही त्याच दुरुस्तीने सांगितले. कागदावर, तेव्हा, फारशी उणीव नाही. उणीव आहे ती हुकूम झाल्यानंतरच्या वाटचालीत, आणि ही वाटचाल झाडीपट्टीत कशी होते हे जवळून पाहिल्यावाचून तिची कल्पना यावयाची नाही.

हुकूम होतो. पैसे येत नाहीत. मग स्त्रीने वसुलीचा अर्ज करावयाचा, आणि तोही रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत. न्यायालय वॉरंट काढते. ते बजावण्यासाठी माणूस सापडावा लागतो. धानाची कापणी आटोपली की या भागातून कितीतरी मजूर तेलंगणात मिरची तोडायला जातात. त्यांत तो गेलेला असतो, अथवा गेला आहे असे त्याचे भाऊबंद सांगतात. वॉरंट 'इसम मिळून आला नाही' या शेऱ्यासह परत येते. पुढची तारीख पडते. त्या तारखेला बाईची रोवणीची किंवा निंदणीची मजुरी बुडते, एस. टी. चे भाडे लागते, कडेवरचे पोर बरोबर आणावे लागते. चार तारखांचा खर्च एका महिन्याच्या पोटगीहून अधिक होऊ लागला की पाचव्या तारखेला ती येत नाही, आणि अर्ज गैरहजेरीमुळे निकाली निघतो. न्यायालयाच्या दप्तरात ते प्रकरण संपलेले असते.

कायद्याने दंडाच्या वसुलीची रीतच पोटगीला लावली आहे. म्हणजे थकलेली रक्कम जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करण्याचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्याकडे पाठविता येते. शेतसाऱ्यासाठी ज्या तलाठ्याचे पाय बांधावर वळतात, त्याला पोटगीसाठीही जाता येईल. तशी वॉरंटे विरळाच निघतात. पैसे न भरल्यास प्रत्येक थकलेल्या महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैदही सांगितली आहे. परंतु कैद भोगून आलेला पुरुष आपण कर्ज फेडले अशा समजुतीने घरी येतो. ती समजूत चुकीची आहे. कैद हे वसुलीचे साधन आहे, देणे फिटल्याची पावती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या दशकाच्या अखेरीसच स्पष्ट केले आहे. हा निर्णय खेड्यात पोहोचला नाही, एवढेच.

येथे शिक्षकांनी आणि कचेरीतील कारकुनांनी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पोटगीचा कायदा सर्वांत अचूक लागू पडतो तो त्यांनाच. दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम इतर देण्यांसाठी पगाराचा मोठा भाग जप्तीपासून सुरक्षित ठेवते. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी मात्र केवळ एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाने मुलांची पोटगी थकविली, तर त्याच्या वेतनातून ती कापता येते. त्याला तेलंगणात पळून जाता येत नाही आणि उत्पन्न लपविता येत नाही. याउलट ज्याच्याकडे दोन ट्रॅक्टर, एक रेतीचा ठेका आणि पत्नीच्या वा भावाच्या नावावर राईस मिल आहे, तो न्यायालयात शपथेवर स्वतःस शेतमजूर म्हणवितो. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात २०१३ साली सुरू झालेले एक प्रकरण ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाले. वाद होता तो अंतरिम पोटगीचा, आणि त्याला सात वर्षे लागली. त्या निकालाने दोन्ही पक्षांनी मालमत्तेचे व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र दाखल करणे सर्वत्र आवश्यक केले, पोटगी अर्जाच्या तारखेपासून देण्याचे ठरविले आणि दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे तिची अंमलबजावणी करता येईल असेही सांगितले. निकाल चांगला आहे. पण प्रतिज्ञापत्रात जो खोटे लिहितो त्याचे खरे उत्पन्न सिद्ध करण्याचा भार अखेर त्या बाईवरच पडतो.

आणि नेमके याच ठिकाणी परवान्याचा विचार समोर येतो. ज्या माणसाजवळ पगाराचा कागद नाही, त्याच्याजवळ पुष्कळदा शासनाने दिलेला दुसरा एखादा कागद असतो. अमेरिकेने हे १९९६ साली ओळखले. त्या वर्षीच्या समाजकल्याण सुधारणेच्या कायद्याने प्रत्येक घटकराज्याला अशी व्यवस्था करणे भाग पाडले की, मुलांची पोटगी थकविणाऱ्याचा वाहन परवाना, व्यवसायाचा परवाना, फार काय शिकारीचा आणि मासेमारीचा परवानाही स्थगित करता यावा. अडीच हजार डॉलरांहून अधिक थकबाकी असलेल्याला तेथे पारपत्र मिळत नाही. जो डॉक्टर, वकील अथवा कंत्राटदार न्यायालयाच्या नोटिसा वर्षानुवर्षे खिशात घालीत होता, त्याला परवाना जाणार असे कळताच पैसे सापडू लागले, हा त्यामागचा अनुभव.

तथापि त्या अनुभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बेकार झालेल्या गरिबाचा वाहन परवाना काढून घेतला, तर तो कामावर कसा जाणार, आणि कामावर गेला नाही तर पोटगी कोठून देणार? तेथील केंद्र शासनाला २०१६ च्या अखेरीस नवे नियम करून, पोटगी ठरविताना व वसूल करताना बापाची खरी ऐपत पाहा, असे राज्यांना बजावावे लागले. आरमोरी-वडसा मार्गावर काळी-पिवळी चालविणाऱ्या तरुणाचा परवाना स्थगित करणे म्हणजे दुधासाठी गाय बांधून ठेवून तिचा चारा तोडण्यासारखे होईल. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात म्हटले आहे. तो हक्क थकबाकीदार बापालाही आहेच.

परंतु सर्व परवाने एका माळेचे मणी नव्हेत. गाडी हाकण्याचा परवाना ही कौशल्याची पावती आहे. रेती घाटाचा ठेका, सार्वजनिक कामाच्या ठेकेदाराची नोंदणी, बंदुकीचा परवाना किंवा नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात २०२१ साली पुन्हा सुरू झालेल्या दारूच्या दुकानाचा परवाना ही शासनाने बहाल केलेली सवलत आहे. (गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी असल्याने येथे तो प्रश्न उद्भवत नाही.) सार्वजनिक संपत्तीतून नफा कमावण्याची मुभा ज्याला हवी, त्याने आपल्या मुलांचे न्यायालयाने ठरविलेले देणे आधी द्यावे, ही अट अन्यायाची कशी म्हणता येईल? पहिल्या प्रकारच्या परवान्याला हात लावू नये आणि दुसऱ्या प्रकारचा परवाना देताना व त्याचे नूतनीकरण करताना मात्र सोडू नये, हा भेद अमेरिकेने केला नाही. महाराष्ट्राने तो करावा.

या भागात त्या अटीची गरज अधिक आहे, कारण येथे ठेकेदार ही व्यक्ती नुसती व्यापारी राहिलेली नाही. एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपानाचा हंगाम येतो, बांबूची कटाई चालते, रस्त्यांची कामे निघतात आणि बाहेरची माणसे महिनोन्‌महिने वस्त्यांच्या आसपास राहतात. यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणी तालुक्यातील कोलाम वस्त्यांमधील कुमारी मातांचा प्रश्न किती वर्षे वृत्तपत्रांतून गाजत आहे! हंगाम संपला की बाप निघून जातो, मूल मागे राहते. कायद्याने त्या मुलालाही पोटगी आहे. पण बापाचे पूर्ण नाव नाही, पत्ता नाही, आणि पितृत्व सिद्ध करण्याची चाचणी कुणी करावयाची याचा पत्ता तर त्याहून नाही. ज्या खात्याने त्या माणसाला वा त्याच्या मालकाला काम दिले, त्या खात्याच्या नोंदवहीत मात्र त्याचे नाव, गाव आणि अनामत रकमेचा आकडा सारे काही असते. पोटगीच्या अर्जात ही माहिती देण्याचे बंधन खात्यावर घातले, तरी निम्मे काम होईल. २०१४ च्या पेसा नियमांनंतर आणि सामूहिक वनहक्क मिळाल्यावर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करू लागल्या आहेत. करारनामा त्यांच्या हातात आहे. ठेकेदाराच्या माणसांची यादी गावात ठेवावी, आणि अनामत परत करण्यापूर्वी गावात कुणाचे देणे उरले आहे का ते विचारावे, एवढे कलम त्यात घालायला मुंबईच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण दिसत नाही.

हे सारे नवखे आहे, असेही नाही. लातूर जिल्हा परिषदेने २०२० साली, आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के रक्कम कापून ती आईवडिलांना देण्याचा ठराव केला. आसामने २०१७ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. म्हाताऱ्या आईबापांसाठी जे सुचले, ते लहान मुलांसाठी सुचू नये याचे आश्चर्य वाटते. कदाचित म्हातारे मतदार असतात म्हणूनही असेल. शिवाय लातूरचा ठरावही पगारदारांपुरताच होता. ठेकेदार त्यातूनही सुटलाच.

अधिकाराचा मुद्दा निघेल. वकिलांची सनद १९६१ च्या केंद्रीय कायद्याखाली मिळते, डॉक्टरांचे नियमन आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या चौकटीत होते, आणि तेथे राज्याचे हात बांधलेले आहेत. रेतीसारख्या गौण खनिजांचे नियम मात्र राज्यच करते, ठेकेदारांची नोंदणी राज्याची खाती करतात, मद्याचे परवाने राज्य देते. फौजदारी प्रक्रिया तर समवर्ती सूचीत आहे. जे हातात आहे तेथून आरंभ करण्यास केंद्राकडे बोट दाखविण्याची गरज नाही.

दरम्यान टाकलेल्या स्त्रीसाठी शासन काहीच करीत नाही, असे नव्हे. १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. संगमनेरला १९८८ साली भरलेल्या परित्यक्तांच्या परिषदेने या स्त्रियांचा प्रश्न महाराष्ट्राच्या चर्चेत आणला, त्यालाही आता बराच काळ लोटला. पण या योजनांतील एक विसंगती सहसा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. शासन बापाच्या जागी उभे राहून मुलाला पैसे देते आणि ते पैसे बापाकडे कधी मागत नाही. जर्मनीत १९८० पासून शासन मुलाला पोटगीची रक्कम आगाऊ देते आणि नंतर ती बापाकडून स्वतः वसूल करते. तेथे कचेरीत खेटे घालण्याचे काम आईकडून शासनाकडे गेले आहे. आरमोरीच्या तहसील कचेरीत निराधार अनुदानाची यादी एका टेबलावर असते आणि रेतीच्या ठेक्याचे कागद दुसऱ्या टेबलावर. या दोन टेबलांवरची नावे एकदा ताडून पाहावीत, यासाठी नवा कायदाही लागत नाही. एक कारकून आणि दोन दिवसांचा अवधी पुरे आहे.