अप्रसिद्ध गीताचा कैवार

प्रसिद्ध वाद्यवृंदाचें एखादें आडबाजूचें गीत जो जिवापाड जपतो, तो केवळ आपलें वेगळेपण मिरवितो, असा आक्षेप वारंवार ऐकूं येतो. आम्हांस तो मुळींच मान्य नाहीं.

'क्वीन' या इंग्रज रॉक वाद्यवृंदाचा 'अ नाइट ॲट दि ऑपेरा' हा संग्रह १९७५ सालीं निघाला. त्यांतील 'बोहीमियन ऱ्हॅप्सडी' सर्वतोमुखी झालें. 'थर्टी-नाइन' मात्र चाहत्यांपुरतेंच राहिलें. पाचगणीच्या शाळेंत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरींचा गळा हाताशीं असतां, त्याचे रचनाकार ब्रायन मे तें स्वतः गातात, तेंहि साध्या गिटारीवर, लोकगीताच्या थाटांत. कांहीं स्वयंसेवक नव्या भूमीच्या शोधार्थ अंतराळांत जातात. परततात तों त्यांचें एकच वर्ष सरलेलें असतें; पृथ्वीवर मात्र पिढ्या उलटलेल्या. प्रियेचे डोळे आतां तिच्या वंशजाच्या चेहऱ्यावर तेवढे उरलेले! अतिवेगानें जाणाऱ्याचा काळ सावकाश सरतो, हा आइन्स्टाइनचा सिद्धांत येथें विरहगीत होतो. मे हे खगोलभौतिकीचेच विद्यार्थी. अर्धा राहिलेला प्रबंध त्यांनीं २००७ सालीं पुरा केला.

मिरविणारे चार असतीलहि. पण त्यांवरून सर्वांची परीक्षा कां करावी? गाजलेलें गीत आपण होऊन कानीं पडतें; हें शोधावें लागतें, आणि कोणाच्या शिफारशीवांचून पारखावें लागतें. अशा स्वतः पारखलेल्या वस्तूवर जीव जडणें स्वाभाविकच आहे. त्यास दंभ म्हणणाऱ्यांनीं, इतरांच्या टाळ्या मोजून आपली आवड ठरविण्याची संवय आधीं सोडावी.