हातोडा आमचा, कागद कोणाचा?

नाशकास आलेला परगावचा माणूस काळारामाचे देऊळ पाहून तोंडात बोट घालतो. हे देऊळ सरदार ओढेकरांनी बांधले, असे त्यास सांगण्यात येते. ओढेकरांनी पैसा घातला, हे खरे. परंतु रामशेजचा काळा दगड फोडला कोणी, घडविला कोणी, कळसापर्यंत चढविला कोणी? त्या पाथरवटांपैकी एकाचे तरी नाव कोणी सांगेल काय? आणि २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुढारीपणाखाली आमचे अस्पृश्य म्हटलेले बांधव याच देवळाशी गेले, तेव्हा दारे बंद! दगडास कष्टकऱ्याचा हात चालतो, देवास चालत नाही.

ही झाली देवळाची गोष्ट. घरांची गोष्ट निराळी आहे काय? करणी, ओळंबा, गुण्या आमच्या हाती. नकाशा आणि त्यावरील सही दुसऱ्याची. ज्याच्या हाती ससा तो पारधी! जोतीरावांनी येरवड्याच्या पुलासारख्या कामांचे ठेके स्वतः घेतले होते. इंजिनिअर खात्यातील कागदवाल्यांचे कसब त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यावर पवाडाच घातला. अंगठा उठविणाऱ्याच्या नावापुढे काय लिहिले, हे लिहिणाऱ्यासच ठाऊक.

पुढे १९७२ साली वास्तुविशारदांचा कायदा झाला. परिषदेत नोंद असेल त्यानेच आर्किटेक्ट म्हणवून घ्यावे, असे ठरले. त्या कायद्याने एक वाट ठेवली होती: पाच वर्षे हा धंदा केलेल्यास पदवीवाचूनही नोंद मिळे. पण ती वाट त्यावेळच्या लोकांपुरतीच होती. आमच्या गावोगावच्या मिस्त्रींच्या कानी ही गोष्ट घालावी, असे कोणा शहाण्यास सुचले असेल काय? आता पाच वर्षांच्या पदवीवाचून गत्यंतर नाही.

आमचा शेतकरीही काही कमी नाही. द्राक्षाचे चार पैसे आले की निफाड-दिंडोरीकडे स्लॅबचे घर उठते. नकाशाचे पैसे द्यावयाचे म्हटले की याच्या पोटात दुखते; शेजाऱ्याचाच नकाशा चालवितो. पण वास्तूचा पंडित आला की पाकीट तयार! तो म्हणतो, चूल आग्नेयेस हलवा. हा बांधलेली भिंत पाडतो. तो म्हणतो, जिना दोषाचा आहे. हा पुन्हा कर्ज काढतो. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे! पंचांगात सळईची जाडी सांगितली आहे काय? पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, तिकडील खिडकीस छज्जा हवा, हे त्या पंडिताने कधी सांगितले काय? चैत्रात तो स्लॅब तापतो आणि घरची माणसे ओट्यावर निजतात. जुन्या शिल्पशास्त्रातील मापे ही कारागिरांची विद्या होती. भिक्षुकशाहीने त्यातले माप टाकले आणि भीती तेवढी ठेवली.

म्हणून आम्ही म्हणतो, सुताराच्या, गवंड्याच्या, कुणब्याच्या पोरांनी ही विद्या घ्यावी. बापाबरोबर ओळंबा धरलेल्या पोरास भिंत कशी उभी राहते हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. मुंबईच्या जे. जे. कडेच जावे लागते असेही नाही. १९१४ साली बहुजनांच्या शिक्षणासाठी निघालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचे वास्तुकलेचे महाविद्यालय नाशकातच आहे. खर्च आहे, तो लपवीत नाही. फीखेरीज कागद, मॉडेल, संगणक यांस पैसा लागतो, आणि पदवीनंतरची पहिली वर्षे दुसऱ्याच्या कचेरीत थोड्या पगारावर काढावी लागतात. मात्र आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, मराठा व आर्थिक दुर्बल घरांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी सरकारने २०२४ पासून माफ केली आहे. ती मागून घ्या. मुलीने बांधकामावर कसे जावे, असे विचारणारे भेटतात. विटांची पाटी घेऊन बाई परांचीवर चढते, तेव्हा यांची लाज कोठे जाते?

एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. गणित अवघड म्हणून अकरावीस ते सोडण्याची हल्ली टूम निघाली आहे. गणित आणि पदार्थविज्ञान यांवाचून या पदवीस प्रवेश नाही. प्रवेशपरीक्षा तर त्यापुढची. जूनमध्ये अर्जावर विषय लिहिताना कारकून सांगेल ते लिहू नका. मुलाबरोबर स्वतः जा.